अलीकडचे कांहीं मराठी चित्रपट

चित्रपट पाहून आलेल्या माणसास घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो "कसा आहे?" हा, आणि त्याचें उत्तरहि एका शब्दांत अपेक्षित असतें. शनिवारीं तिकिटें काढावीं कीं नाहीं, आजीस बरोबर न्यावें काय, मुलांस घरीं ठेवावें काय, एवढेंच विचारणाऱ्यास हवें असतें. टीकाकाराचे लांबलचक निबंध वाचण्यास त्यास सवड नसते. आणि त्यांत आम्हांस तरी कांहीं गैर दिसत नाहीं. म्हणून २०२३ पासून २०२५ पर्यंतच्या कांहीं मराठी चित्रपटांविषयीं आम्ही येथें थोडक्यांतच अभिप्राय देणार आहों. मात्र एक गोष्ट आरंभींच सांगून ठेवणें अवश्य आहे. मराठी चित्रपटावर लिहितांना "मराठीच्या मानानें बरा" अशी एक सवलत देण्याची चाल आपल्याकडे पडून गेली आहे. पैसा थोडा, चित्रपटगृहें मिळण्याची मारामार, शेजारीं हिंदी चित्रपटांचा थाटमाट, हीं सारीं कारणें खरीं आहेत. पण तीं निर्मात्याच्या हिशेबाच्या वहींत शोभतात, अभिप्रायांत नव्हे. चित्रपट मराठी आहे म्हणून कोणी आपला वेळ स्वस्तांत देत नाहीं. शिवाय ज्याला आपण सवलत देतों त्याला मनांतून धाकटाच मानलेलें असतें. तेव्हां ती आम्ही कोणासहि देणार नाहीं.

या चित्रपटांतील चांगली गोष्ट प्रथम सांगतों. मराठी चित्रपट आतां पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतून बराच बाहेर पडला आहे. चंद्रपूरची, मालवणची बोली त्याला संकोचावांचून बोलतां येऊं लागली आहे. दोष सांगावयाचा तर तोहि बहुतेकांचा एकच. जें चित्रानें दाखवून झालें, तें पात्राच्या तोंडून पुन्हां वदवून घेतल्याशिवाय दिग्दर्शकाचें समाधान होत नाहीं. प्रेक्षकाच्या समजुतीवर त्याचा भरंवसा नाहीं. आणि ही सवय जडण्यास आपली ती सवलतच पुष्कळ अंशीं कारण झाली आहे.

केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा' (२०२३) या चित्रपटास बायकांची जी गर्दी लोटली तिची थट्टा करणारे पुष्कळ भेटले. आम्हांस ती थट्टा रुचली नाहीं. तारुण्य ओसरलेल्या सहा बहिणी, एकमेकींपासून दुरावलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठीं पुन्हां एकत्र येतात. एवढ्या कथेवर चित्रपटगृहें भरून गेलीं याचा अर्थ असा कीं, या वयाच्या स्त्रीला पडद्यावर आई, सासू किंवा मावशी यांखेरीज दुसरें काम आजवर कोणी फारसें दिलें नव्हतें. रोहिणी हट्टंगडी व वंदना गुप्ते यांचा तर प्रश्नच नाहीं. बाकीच्या चौघींनींहि आपापली जागा चांगली धरली आहे. पण मंगळागौरीचे खेळ हे शरीराचे खेळ आहेत. थकत चाललेलें शरीर फुगडीला उभें राहतें तेव्हां तें दृश्यच सर्व कांहीं सांगत असतें. या चित्रपटास तेवढें पुरत नाहीं. प्रत्येक बहिणीच्या दुःखाला एक प्रसंग, प्रसंगाला एक बाणेदार वाक्य आणि वाक्याला टाळ्यांसाठीं सोडलेली उसंत, असा हिशेब शेवटपर्यंत चालू राहतो. आमचा अभिप्राय : जरूर पाहावा, पण संवादांपेक्षां खेळांकडे अधिक लक्ष ठेवावें.

'श्यामची आई' (२०२३) या सुजय डहाके यांच्या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटास पहिलें राष्ट्रपति सुवर्णपदक मिळालें होतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. आणि तुलना टाळूं म्हटलें तरी टळत नाहीं. नव्या दिग्दर्शकानें आपणहून कृष्णधवल चित्रण पत्करलें आहे. अत्र्यांच्या काळीं तो नित्याचा व्यवहार होता, येथें ती निवड आहे. आणि या निवडीमुळें कोंकणांतलें तें दरिद्री घर जिवंत वाटण्याऐवजीं जुन्या आल्बमांतल्या छायाचित्रासारखें वाटूं लागतें. चित्रपट सभ्य आहे, नेटका आहे, त्यांत कोठेंहि उथळपणा नाहीं. डोळे मात्र वनमालाबाईंच्या वेळीं भरून येत, तसे येत नाहींत.

'दशावतार' (२०२५) विषयीं अधिक लिहावें लागेल, कारण त्याच्या पूर्वार्धानें आम्हांस जिंकलें आणि उत्तरार्धानें आमची घोर निराशा केली. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट तळकोंकणांत घडतो. बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट म्हातारा झाला आहे, त्याची दृष्टि जात चालली आहे, आणि मुलानें कितीहि विनविलें तरी तोंडाला रंग लावणें त्याच्यानें सोडवत नाहीं. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे हें काम त्यांनीं ऐंशीच्या घरांत केलें आहे. 'चौकट राजा' (१९९१) मधील त्यांचा नंदू ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें सांगावयास नको कीं, हा नट दुबळेपणा दाखवितो पण त्याला केविलवाणा होऊं देत नाहीं. अंधुक दिसणाऱ्या माणसाची ती किंचित् कललेली मान, चाचपडणारे हात, आणि रंगभूमीवर पाऊल पडतांच त्याच हातांत येणारा रुबाब, हें सारें पाहण्यासारखें आहे.

देवळाच्या जत्रेंत रात्रभर बसून ज्यांनीं दशावतार पाहिला आहे ते जाणतात कीं, तेथें देखावे नसतात. एक लांकडी बांकडें असतें. राजा त्यावर बसला कीं तें सिंहासन होतें. पेटी, पखवाज आणि झांज यांवर सारें भागतें. संवादहि लिहिलेले नसतात, नट ते जागच्या जागीं रचतो, आणि तरी पहांटेपर्यंत गांव हालत नाहीं. एवढी काटकसरी आणि एवढी समर्थ कला ज्याच्या कथेचा विषय, त्या चित्रपटानें तिच्यापासून कांहीं शिकावें अशी आमची अपेक्षा होती. पण मुलावर आपत्ति ओढवल्यानंतर बाबुली एकेका अवताराचें रूप घेऊन सूडास निघतो, आणि तेथून पुढें चित्रपटाचा आपल्याच नटावर विश्वास उरत नाहीं. वाद्यांचा कल्लोळ, अंगावर येणारीं दृश्यें, आणि निसर्गरक्षणाचीं भाषणें! सिंधुदुर्गांतील खाणींचा प्रश्न कांहीं कल्पित नाहीं. दोडामार्ग तालुक्यांत कळणें येथील लोहखनिजाच्या खाणीस गांवकऱ्यांनीं केलेला विरोध अनेकांस आठवत असेल. पण खरा पेंच असतो तो गांवांतच. एका भावास जमीन विकावयाची असते, दुसऱ्यास राखावयाची असते, आणि दोघांचीहि मुलें मुंबईस नोकरी शोधीत असतात. येथें खलपुरुष इतके काळेकुट्ट रंगविले आहेत कीं तो पेंच पुढें येतच नाहीं. राक्षस मारला कीं डोंगर वांचला, हें आख्यानांत ठीक आहे. प्रभावळकरांसाठीं चित्रपट पाहावा. मध्यंतरानंतर उठून जाणाऱ्यास मात्र आम्ही दोष देणार नाहीं.

आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' चित्रपटगृहांत आला तो २०२४ सालीं, पण पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार त्यास पूर्वींच मिळालेला होता. नांदेड जिल्ह्यांतील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची ही हकीकत. गांवांत पाणी नाहीं म्हणून मुलाला मुलगी मिळत नाहीं, येथून कथा सुरू होते, आणि तोंवर ती फार चांगली आहे. पुढें बंधारे बांधूं लागल्यावर ती एखाद्या योजनेच्या अहवालासारखी सरळ चालूं लागते.

तेथें मुलगा नाकारला जातो. जयंत दिगंबर सोमलकर यांच्या 'स्थळ' मध्यें मुलगी. २०२३ सालीं टोरांटोच्या महोत्सवांत गौरविला गेलेला हा चित्रपट आपल्याकडे २०२५ च्या मार्चांत लागला. चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव, कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला बाप, आणि समाजशास्त्र घेऊन बी. ए. करणारी सविता. तिला पाहावयास लोक येतात. नांव काय, शिक्षण किती, उंची किती, असे प्रश्न विचारून जातात. पुन्हां दुसरे येतात, तेच प्रश्न विचारतात. दिग्दर्शकाची सारी करामत या पुनरावृत्तींत आहे. पहिल्या वेळीं प्रेक्षक हंसतो, दुसऱ्या वेळीं पुढचा प्रश्न कोणता येणार तें त्याला ठाऊक असतें, आणि त्यापुढें त्याचाच जीव त्या बैठकींत गुदमरूं लागतो. कोणी दुष्ट नाहीं, कोणी ओरडत नाहीं. बाप तर मुलीवर माया करणारा आहे. नंदिनी चिकटे या मुलीनें सविताचें काम केलें आहे. धंदेवाईक नटीस ही बसण्याची रीत, हा खालीं घातलेल्या नजरेंतला संताप साधला असता कीं नाहीं, याची शंकाच वाटते.

आरंभीं एक स्वप्न आहे, त्यांत बायका प्रश्न विचारतात आणि मुलगा खालीं मान घालून उत्तरें देतो. त्यावर आमच्यासारखे शिकलेले प्रेक्षक मोठ्यानें हंसतात, कारण हें खेड्यांतलें आहे अशी त्यांची समजूत असते. शहरांत या कार्यक्रमास 'भेटणें' म्हणतात आणि तो उपाहारगृहांत होतो, एवढाच फरक. चित्रपटांत खटकण्यासारखें एकच : वर्गांत स्त्रियांच्या उन्नतीवर व्याख्यान आणि घरीं हा प्रकार, हा विरोध जरा उघड्या हातानें मांडला आहे. तरी या तीन वर्षांत मुलीच्या बापानें पाहावा असा याहून दुसरा चित्रपट आम्हांस दिसला नाहीं. मुलाच्या बापानें तर दोनदां पाहावा.

आतां कोणी म्हणेल, तुम्हांस चित्रपट मुकाच हवा आहे. तसें नाहीं. आशिष बेंडे दिग्दर्शित आणि परेश मोकाशी लिखित 'आत्मपॅम्फ्लेट' (२०२३) मध्यें निवेदक क्षणभर गप्प बसत नाहीं. शाळकरी मुलाचें एका मुलीवर प्रेम, तो दलित, ती ब्राह्मण, आणि भोंवतीं मंडल आयोगाचें १९९० साल व बाबरी मशिदीचें १९९२ साल. पण हा निवेदक दाखविलेलें पुन्हां सांगत नाहीं. तो गंभीर चेहऱ्यानें भलतेंच बोलतो आणि चित्र त्याला खोटें पाडतें. हंसूं त्या फटींतून येतें, आणि थोड्या वेळानें बोंचतेंहि. जातीवर इतक्या हलक्या हातानें लिहिणें आपल्याकडे फार थोड्यांस जमलें आहे.

शेवटीं रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. २०२५ च्या जानेवारींत सनडान्सच्या महोत्सवांत परदेशी कथापटांचें सर्वोच्च पारितोषिक यानें मिळविलें, आणि सप्टेंबरांत तो आपल्याकडे आला. वडील वारले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठीं गांवीं येतो. नातलग त्याच्या लग्नाचा विषय काढतात. तेथें त्याला बाळ्या हा लहानपणचा सोबती पुन्हां भेटतो, आणि त्या दोघांत जें आहे तें मैत्रीहून अधिक आहे. विषय ऐकूनच कांहीं वाचक पान उलटतील; त्यांनीं थोडें थांबावें, अशी आमची विनंति आहे. हा चित्रपट वादासाठीं काढलेला नाहीं. घरांत मृत्यु झाल्यावर जें होतें तें यांत इतकें तंतोतंत आहे कीं आपलेंच घर आठवावें. पाळावयाचे नियम, ते सांगणारीं वडीलधारीं माणसें, दुःखाच्या आड चाललेली चौकशी, आणि दुपारचा तो न सरणारा वेळ. पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. कॅमेरा बहुधा एका जागीं स्थिर असतो, आणि माणसें त्याच्यासमोर नुसतीं बसून राहतात. चित्रपट संथ आहे हा आक्षेप खरा आहे. मध्यें एक-दोन ठिकाणीं आम्हांसहि चुळबुळ करावीशी वाटली. पण सुतकांत दिवस असेच जातात.

बाळ्या त्याच्यासाठीं निवडुंगाचीं बोंडें घेऊन येतो. वर कांटे, आंत लाल गर. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानें या फळाचा अर्थ दोन वाक्यांत समजावून दिला असता. येथें तें नुसतें खाल्लें जातें. जयश्री जगताप यांनीं उभी केलेली आनंदची आई तर या सर्व चित्रपटांतील आम्हांस सर्वांत आवडलेली व्यक्ति. नवरा नुकताच गेला आहे, मुलगा कसा आहे हें तिला ठाऊक आहे, आणि नातलगांपुढें त्याला सांभाळून घेण्याचें काम ती चहाच्या भांड्याइतक्या सहजपणें उचलते. चित्रपट पुन्हां कोठें लागला तर मुलें लहान असल्यास त्यांस घरीं ठेवावें. आजीस मात्र अवश्य न्यावें.