‘द हर्ट लॉकर’: स्फोट खरा, काम खोटं

पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी एका वाक्यात सांगते, "स्फोटकांचा माग काढणारे रेणू बनवते." त्यावर समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे हर्ट लॉकरसारखं?" पहिली दोन वर्षं मी नुसती हसून मान हलवायचे. कारण खरं सांगायचं तर फ्यूम हुडसमोर तासन् तास उभं राहून कॉलम चालवणं आणि बगदादच्या रस्त्यावर जाडजूड सूट घालून चालत जाणं यात काहीच साम्य नाही. पण समोरच्याच्या डोळ्यात जरा आदर दिसायचा, तो कशाला घालवा?

मागच्या आठवड्यात हा पिक्चर तिसऱ्यांदा बघितला. या वेळी वही घेऊन. सहा ऑस्कर मिळालेला हा युद्धपट खरंच तेवढ्या लायकीचा आहे का, एवढंच ठरवायचं होतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2004 सालचं बगदाद. अमेरिकी सैन्याचं तिघांचं बॉम्ब निकामी करणारं पथक: सॅनबॉर्न, एल्ड्रिज आणि नवा आलेला सार्जंट जेम्स. दिग्दर्शक कॅथरीन बिगेलो, पटकथा मार्क बोलची. बोल हा पत्रकार, आणि तो अशा पथकाबरोबर इराकमध्ये राहून आला होता. मार्च 2010 मध्ये या पिक्चरनं ‘अवतार’ला मागे टाकून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेतलं आणि बिगेलो दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री ठरली. सगळीकडे एकच कौतुक होतं: किती ‘रिअल’ आहे!

हा ‘रिअल’ शब्द मला खटकतो. पण आधी जे खरोखरच रिअल आहे ते सांगते, कारण ते थक्क करणारं आहे.

पहिल्या दहा मिनिटांत एक स्फोट होतो. नेहमीच्या पिक्चरमध्ये बॉम्ब फुटला की नारिंगी आगीचा भला मोठा गोळा उठतो. तो पेट्रोलचा असतो, पडद्यावर छान दिसतो म्हणून. तोफगोळ्यातलं स्फोटक असं जळत नाही. टीएनटीचा स्फोट सेकंदाला सुमारे 6,900 मीटर वेगानं त्या पदार्थातून पुढे सरकतो. ज्वाळा दिसते न दिसते तोच सगळं संपलेलं असतं, उरते ती धूळ आणि काळा धूर. काळा, कारण टीएनटीच्या रेणूत स्वतःचा सगळा कार्बन जाळण्याइतका ऑक्सिजनच नसतो. बिगेलोनं हेच दाखवलंय. करडी धूळ. हाय-स्पीड कॅमेऱ्यानं टिपलेली, जमिनीवरून अलगद वर उचलली जाणारी खडी. आणि एका मोडक्या गाडीच्या पत्र्यावरून सुटून उडणारा गंज. तो गंज बघून मी खुर्चीत सरसावून बसले. माणसाला मारते ती दाबाची लाट. ती स्वतः दिसत नाही, ती कुठून गेली हे धुळीवरूनच कळतं.

त्या लाटेत पथकाचा आधीचा प्रमुख थॉम्पसन मरतो. अंगात सूट असताना, उलट दिशेनं पळत असताना. थिएटरात काही जणांना हे पटलं नव्हतं म्हणे: एवढा सूट घालून मेला कसा? तर 35-40 किलोचा तो सूट मुख्यतः तुकडे अडवतो. दाबाची लाट शरीरात शिरते, फुप्फुसांवर आघात करते. तिच्यापासून वाचवतं ते अंतर. याचा एक साधा नियम आहे, हॉपकिन्सन-क्रान्झ नावाचा: स्फोटक आठपट झालं तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर मिळतो. उलटं वाचा. तुम्ही बॉम्बपासूनचं अंतर निम्मं केलंत, तर जणू स्फोटक आठपट करून घेतलंत.

या एका नियमावर ते सगळं काम उभं आहे. आधी रोबो, मग दोरी, मग दूरबीण, आणि कुठलाच मार्ग उरला नाही तर माणूस. थॉम्पसनच्या प्रसंगात हे नीट दिसतं. रोबोच्या मागे जोडलेल्या गाडीचं चाक निखळतं म्हणून त्याला जावं लागतं. ती दहा मिनिटं मला कुठल्याही युद्धपटात पाहिलेल्या सगळ्यात प्रामाणिक दहा मिनिटांपैकी वाटतात.

आणि मग जेम्स येतो.

पहिल्याच कामगिरीला तो रोबो बाजूला ठेवतो, धुराचा डबा फोडतो आणि चालत सुटतो. सोबत्यांना तो दिसतही नाही. पुढे एका गाडीच्या डिकीत तोफगोळ्यांची रास सापडते, तेव्हा तो सूट काढून टाकतो. इथे एक कबुली देते: विज्ञान त्याच्या बाजूनं आहे. हातभर अंतरावर एवढं स्फोटक असेल तर सूट असला काय नि नसला काय. पण तो कानावरचा हेडसेटसुद्धा काढून फेकतो, त्याला काय म्हणायचं? सॅनबॉर्न बाहेर पहारा देत आजूबाजूच्या छतांवरच्या माणसांकडे बघतोय, निघ म्हणून सांगतोय, आणि ऐकणारं कुणी नाही. सॅनबॉर्न नंतर त्याला ठोसा लगावतो. लगेच एक कर्नल येतो आणि तोंड फाटेपर्यंत जेम्सची स्तुती करतो. किती बॉम्ब निकामी केलेस? 873.

आपण सगळे एका घोषणेवर वाढलो आहोत: बेवारस वस्तूला हात लावू नका. स्टेशनवर, एसटी स्टँडवर ती इतक्यांदा ऐकलीय की आता ऐकूच येत नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये, म्हणजे त्या ऑस्करच्या तीनच आठवडे आधी, पुण्यात जर्मन बेकरीत अशाच एका पिशवीचा स्फोट झाला आणि 17 माणसं गेली. मी नववीत होते. पुढे कित्येक महिने आई पीएमटीत सीटखाली वाकून बघितल्याशिवाय बसायची नाही. त्याआधी 26/11 नंतर आठवडाभरानं सीएसटीवर प्रवाशांच्या सामानाच्या ढिगात जिवंत बॉम्ब सापडला होता. जे लोक असल्या पिशव्यांपाशी जातात त्यांची खरी शिस्त म्हणजे शक्यतो हात न लावणं. म्हणूनच हे काम पडद्यावर दाखवायला भयंकर कंटाळवाणं आहे. त्यावर दोन तासांचा पिक्चर काढायचा तर हात लावणारा माणूस हवा. जेम्स तिथून जन्माला आलाय.

आता म्हणाल, पिक्चर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? सांगते.

आमच्या लॅबमध्ये एक सीनियर होता. अझाइडच्या रिअ‍ॅक्शन्स ब्लास्ट शील्डशिवाय करायचा. "काच मध्ये आली की हात चालत नाही," म्हणायचा. हात खरंच सुंदर चालायचा त्याचा. आम्ही ज्युनियर त्याच्याकडे अगदी तसेच बघायचो जसा तो कर्नल जेम्सकडे बघतो. मीसुद्धा दोन महिने शील्ड न लावता काम केलं, त्याला कळावं म्हणून. एका दुपारी फ्लास्क फुटला. त्याला काहीही झालं नाही. शेजारी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची मुलगी उभी होती, तिच्या हाताला चार टाके पडले. रजिस्टरमध्ये ‘काचेचं भांडं तुटलं’ एवढीच नोंद झाली. तो सीनियर आता परदेशात पोस्टडॉक करतोय. त्या मुलीनं केमिस्ट्री सोडली.

पिक्चरमध्ये ही मुलगी आहे. तिचं नाव एल्ड्रिज. जेम्सच्या हट्टापायी तिघं रात्री अंधाऱ्या गल्ल्यांत शिरतात, एल्ड्रिजला पकडून ओढत नेतात, आणि त्याला सोडवताना जेम्सचीच गोळी त्याच्या मांडीत घुसते. हेलिकॉप्टरकडे नेताना तो जेम्सला शिव्या घालतो, तुझ्या नशेसाठी माझा पाय गेला अशा अर्थाच्या. बिगेलोला सगळं दिसतंय, हे या प्रसंगात कळतं. पिक्चरच्या सुरुवातीलाच युद्धाला व्यसन म्हणणारं वाक्य झळकतं. वाळवंटात सॅनबॉर्न आणि एल्ड्रिज तर जेम्सला ‘अपघातात’ उडवून देण्याची चर्चाही करतात.

मग शेवट बघा. जेम्स घरी येतो. सुपरमार्केटमध्ये सीरिअलच्या खोक्यांच्या भिंतीसमोर खुळ्यासारखा उभा राहतो (हा शॉट अप्रतिम आहे, वाद नाही). आणि परत इराकला जातो. पुन्हा सूट, रिकामा रस्ता, पाठीमागे ठणाणणारं रॉक संगीत, पुढचे 365 दिवस. हे व्यसनाचं चित्र असेल तर संगीत विजयाचं का? एल्ड्रिजचा पाय त्या चालीत कुठे गेला? पटकथा म्हणते हा माणूस आजारी आहे, कॅमेरा आणि गाणं म्हणतात हा काय माणूस आहे! टाळ्या पडल्या त्या दुसऱ्या म्हणण्याला.

इराकमध्ये लढून आलेल्या बऱ्याच अमेरिकी सैनिकांनी या पिक्चरवर टीका केली. गणवेश पुढच्या काळातले आहेत, तिघं जण एकटी गाडी घेऊन बगदादमध्ये फिरत नाहीत, वगैरे. गणवेशाचं मला काही वाटत नाही. पण असा माणूस पथकात टिकूच दिला नसता, ही तक्रार मला गंभीर वाटते. ती हिशेबाच्या चुकीबद्दल नाही, पिक्चरच्या गाभ्याबद्दल आहे.

इराकी माणसांबद्दलही तेच. चित्रीकरण जॉर्डनमध्ये झालं, तिथे आश्रयाला आलेल्या इराकींनी त्यात कामं केली. पडद्यावर मात्र ते खिडकीतून, गच्चीवरून बघणारे चेहरे आहेत, मोबाइल हातात असलेले संशयित. पथकाच्या नजरेतून तसंच दिसणार, हे मान्य. पण एक प्रसंग या नजरेलाच उघडं पाडतो. डीव्हीडी विकणारा ‘बेकहॅम’ नावाचा पोरगा मेला असं समजून जेम्स सैरभैर होतो, आणि नंतर तोच पोरगा जिवंत समोर येतो तेव्हा त्याच्याकडे न बघता पुढे निघून जातो. ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला त्याचा चेहराही याला ओळखता आला नव्हता. याच धाग्यावर पिक्चर अर्धा तास टिकला असता तर मी वही मिटून ठेवली असती.

तर ऑस्करचं काय? संकलनाचं आणि ध्वनीची दोन्ही, ही तीन मी डोळे मिटून देईन. हेल्मेटच्या आतला तो श्वास अजून कानात आहे. दिग्दर्शनाचंही देईन, त्या गंजासाठी. पटकथेचं देणार नाही. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं द्यायचं असेल तर ‘युद्धाचं वास्तव’ या नावाखाली नको, थरारपट म्हणून द्या.

पुढच्या महिन्यात लॅबमध्ये नवी मुलं येतायत. सेफ्टी ओरिएंटेशन या वेळी गाईडनी माझ्या गळ्यात मारलंय. पहिली दहा मिनिटं आणि एल्ड्रिजचं स्ट्रेचर, एवढंच दाखवणार आहे. मधला जेम्स ज्यानं त्यानं घरी बघावा.