अनुचित बडतर्फी : व्यापक व्याख्या, अरुंद दार

जालन्यातील रोलिंग मिलच्या भट्टीपुढे राबणाऱ्या कंत्राटी कामगारास एके दिवशी ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगितले गेले, तर त्याने कोठे जावे? महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक अधिनियमाची चौथी अनुसूची सूडबुद्धीने, धादांत खोट्या कारणाने किंवा नैसर्गिक न्याय डावलून केलेली बडतर्फी अनुचित ठरविते. कलम २८ अन्वये ९० दिवसांत तक्रार व कलम ३० अन्वये अंतरिम दिलासा, ही तिची बलस्थाने होत.

तथापि कल्याणी स्टील्स व सिप्ला प्रकरणांत (२००१) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, मालक-कामगार नातेच वादग्रस्त असल्यास ही तक्रार चालणार नाही. ते नाते आधी अन्यत्र सिद्ध झाले पाहिजे. म्हणजे ‘हा कामगार कंत्राटदाराचा’ एवढे म्हणताच दार बंद होते. वेतनकपातीचेही तसेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने सेवाशर्ती बदलण्यापूर्वीची २१ दिवसांची सूचना कायम ठेवली. पण ज्याचा खरा मालक कोण हेच ठरलेले नाही, त्याने जाब कोणास विचारावा?

सारांश, नात्याचा निवाडा करण्याचा अधिकारही त्याच न्यायालयास मिळाल्याखेरीज हे संरक्षण सर्वाधिक गरजूंपर्यंत पोहोचणार नाही.