बालपण कोणाचं, सिद्धान्त कोणाचा?

बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या कॅफेंमध्ये पंचविशीतली मुलंमुली हल्ली आपली ‘अटॅचमेंट स्टाइल’, म्हणजे जवळच्या माणसाशी जोडलं जाण्याची तऱ्हा, राशीइतक्या सहजपणे सांगतात. कुणी ‘अँक्शस’, कुणी ‘अव्हॉयडंट’. मानसोपचार घेतो हे सांगायला इथे कुणी लाजत नाही, ही मोठीच कमाई आहे. पण ज्या मनोविश्लेषणातून ही भाषा उगवली, त्याची आजची अवस्था अस्वस्थ करणारी आहे. शब्द पोचले, निरीक्षणाची शिस्त वाटेतच राहिली.

‘अटॅचमेंट’चा सिद्धान्त मांडणारा जॉन बोल्बी मुळात मनोविश्लेषक. आईपासून तुटलेल्या मुलांचा त्यानं वर्षानुवर्षं अभ्यास केला. मेरी एन्सवर्थनं आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन आया आणि बाळं न्याहाळली. तिचं अटॅचमेंटचं वर्गीकरण वर्षभराच्या बाळांच्या वागण्याचं होतं. आज मोबाइलवरच्या चार प्रश्नांच्या जोरावर ते तिशीतल्या माणसाला चिकटवलं जातं.

परदेशी सिद्धान्त तपासून घेण्याची आपली परंपरा शंभर वर्षांची आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रांतून वादही घातला. फ्रॉइडनं सांगितलेल्या लिंगच्छेदाच्या भयापेक्षा स्त्री होण्याची इच्छा आपल्या पुरुष रुग्णांत त्यांना अधिक ठळक दिसत होती. पुढे मनोविश्लेषक एरिक एरिकसन अहमदाबादला आला. 1918 च्या गिरणी संपातले गांधी त्यानं स्वतः मांडलेल्या मनोविकासाच्या टप्प्यांमधून वाचले आणि 1969 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अहमदाबादेतच त्याला भेटलेले सुधीर कक्कर यांनी 1978 च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये भारतीय बालपणाची स्वतंत्र मांडणी केली: मुलगा दीर्घकाळ आईला बिलगून वाढतो आणि चार-पाच वर्षांचा होताच एकाएकी पुरुषांच्या जगात ढकलला जातो. माझ्या मते आपल्याकडची ही सर्वांत सकस मांडणी. तिची मर्यादाही उघड आहे. तिच्या केंद्रस्थानी आहे तो वरच्या जातीतला हिंदू मुलगा. पहाटे मजुरीला जाणारी आई आणि धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी आठ वर्षांची ताई तिच्यात मावत नाहीत. 1992 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली कुर्ट्झ यांनी वेगळाच आक्षेप घेतला: एकत्र कुटुंबात मूल एका आईपासून तुटत नाही, घरातल्या अनेक आयांकडे हळूहळू सरकतं. आजीच्या कुशीत झोपलेल्या, काकूच्या हातचं जेवलेल्या मराठी वाचकाला हे पटवून द्यावं लागणार नाही.

परदेशी पद्धत इथे कशी लागू पडेल, हा विचार कोरमंगलाच्या शेजारीही झाला आहे. होसूर रोडवर 1974 साली निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था उभी राहिली; त्याआधीच्या तिथल्या संस्थेतले एन. सी. सूर्या यांनी भारतीय परिस्थितीत मानसोपचार कसा असावा यावर 1964 मध्येच लिहिलं होतं. आजच्या समुपदेशनाच्या बाजारात त्या लेखनाची आठवण क्वचितच निघते.

मराठीत गाडी दुसऱ्या रुळावर गेली. ठाण्यात 1990 साली सुरू झालेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेनं आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनानं विवेकनिष्ठ मानसोपचार घराघरांत नेला. ते काम मोलाचंच आहे. पण ती पद्धत आजच्या समजुती तपासते. ज्या घरात त्या घडल्या, त्या घराचा इतिहास तिचा मुख्य विषय नाही. ती जागा मराठीत बरीचशी मोकळी आहे.

म्हणून बेंगळुरूत नोकरीला आलेली साताऱ्याची मुलगी आपलं बालपण इंग्रजीत सांगते. आजीचा धाक, चुलत्यांचा दरारा, मामाच्या गावची मोकळीक हे सगळं ‘फॅमिली इश्यूज’मध्ये संपतं. उपचारकाला दोन माणसांचं घर दिसतं, मुलगी मात्र दहा जणांत वाढलेली असते. असं निदान अर्धवटच राहणार.

बेंगळुरूत, पुण्यात, ठाण्यात काम करणाऱ्या मराठी उपचारकांना म्हणूनच विनंती आहे. रुग्णाला त्याच्या भाषेत बोलू द्या, आणि त्याच्या संमतीनं, ओळख पूर्ण झाकून, त्या बालपणांच्या सविस्तर नोंदी मराठीत लिहा.