पोटगीतील बदल आणि शेतीचे उत्पन्न : 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालाची हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

पती-पत्नी विभक्त झाल्यानंतर अपत्याच्या निर्वाहाची रक्कम न्यायालय एकदा ठरवून देते; परंतु ती रक्कम ज्या परिस्थितीवर आधारलेली असते ती परिस्थिती स्थिर राहत नाही. पित्याचे उत्पन्न वाढते अथवा घटते, माता रोजगार मिळवू लागते, महागाई वाढते आणि मूल मोठे होते. म्हणूनच पोटगीच्या आदेशात फेरफार करण्याची तरतूद भारतीय कायद्याने प्रारंभापासून ठेवली आहे. या विषयावर अलीकडच्या काळात सर्वाधिक आधारभूत मानला गेलेला निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला 'रजनेश विरुद्ध नेहा' हा होय. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेले असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या निकालाची चिकित्सा हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्याच्या वास्तवाच्या आधारे केली आहे. उत्पन्नातील चढउतार आणि परिस्थितीतील बदल या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांतील भेद स्पष्ट केल्याशिवाय निकालातील मार्गदर्शक तत्त्वे ग्रामीण अपत्यापर्यंत पोहोचणार नाहीत, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

कायद्यातील तरतुदींचे स्वरूप

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ अन्वये पत्नी, अपत्ये व आई-वडील यांना निर्वाहासाठी मासिक रक्कम मागता येत असे, तर कलम १२७ अन्वये ती रक्कम वाढविण्याची किंवा कमी करण्याची मागणी करता येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अंमलात आली असून या तरतुदी आता अनुक्रमे कलम १४४ व कलम १४६ मध्ये आहेत. शब्दरचनेचा गाभा मात्र कायम आहे. रक्कम घेणाऱ्या किंवा देणाऱ्या व्यक्तीच्या परिस्थितीत बदल झाल्याचे सिद्ध झाल्यास दंडाधिकारी आदेशात योग्य तो फेरफार करू शकतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चे कलम २५ आणि हिंदू विवाह कायदा, १९५५ चे कलम २६ हेही फेरफाराचा मार्ग खुला ठेवतात. दंड प्रक्रियेतील तरतूद सर्व धर्मीयांना लागू आहे. मुस्लिम अपत्यांचा हा हक्क १९८६ च्या स्वतंत्र कायद्याने बाधित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केले आहे.

येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. १९७३ च्या संहितेत पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५०० रुपये होती. ही मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. कमाल मर्यादा अस्तित्वात असताना फेरफाराच्या तरतुदीला फारसा अर्थ नव्हता. कारण पित्याचे उत्पन्न कितीही वाढले तरी रक्कम त्या मर्यादेपलीकडे जात नसे. फेरफाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने जिवंत झाला तो २००१ नंतरच होय.

निकालाचा आशय आणि त्यातील दुर्लक्षित भाग

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१५ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशात पत्नीस दरमहा १५,००० रुपये मंजूर केले होते. मुलासाठी १ सप्टेंबर २०१३ ते ३१ ऑगस्ट २०१५ या काळात दरमहा ५,००० रुपये आणि त्यानंतर दरमहा १०,००० रुपये असे दोन टप्पे ठरविण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये हा आदेश कायम ठेवला. आपणास रोजगार नाही आणि २०१३ मधील पोटगी ठरविताना २००६ च्या आयकर विवरणपत्राचा आधार घेणे चूक आहे, असे पतीचे म्हणणे होते. उलटपक्षी, १०,००० रुपयांची रक्कम मूल अडीच वर्षांचे असताना ठरलेली असून साडेसात वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या मुलास ती अपुरी आहे, असे पत्नीच्या वतीने मांडण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाने मूळ आदेश कायम करून थकबाकी बारा आठवड्यांत भरण्यास सांगितले. त्याचबरोबर देशभरातील न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र दाखल करावे, पोटगी अर्जाच्या दिनांकापासून द्यावी, पूर्वीच्या कार्यवाहीची माहिती उघड करावी आणि पूर्वीच्या आदेशात फेरफार हवा असल्यास तो त्याच कार्यवाहीत मागावा, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. अपत्याच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व शिक्षण यांसह वाजवी मर्यादेत शिकवणी वर्गाचा खर्चही धरावा, असेही न्यायालयाने म्हटले आहे.

या निकालाविषयी झालेली बहुतेक चर्चा शपथपत्राभोवती फिरते. वस्तुतः या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात आहे. पित्याची तक्रार आकडे जुने झाल्याची आहे आणि मातेची तक्रारही तीच आहे. म्हणजेच वादाचे मूळ उत्पन्न लपविण्याइतकेच आदेश कालबाह्य होण्यातही आहे. शपथपत्र हे पहिल्या दुखण्यावरील औषध आहे. दुसऱ्यावर निकालाने वेगळा उपाय सांगितलेला नाही. मात्र त्या उपायाचे बीज नागपूरच्या आदेशातील दोन टप्प्यांत दडलेले आहे.

हिंगोली जिल्ह्यातील उत्पन्नाचे स्वरूप

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. सोयाबीन, कापूस व हळद ही येथील महत्त्वाची पिके आहेत. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

अशा जिल्ह्यात 'मासिक उत्पन्न' ही संकल्पनाच अपुरी पडते. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो. हळद मे-जूनमध्ये लावली जाते, उन्हाळ्याच्या तोंडावर काढली जाते, नंतर शिजवून, वाळवून बाजारात जाते. आणि भाव नसेल तर ती महिनोन्‌महिने घरातच ठेवली जाते. म्हणजे उत्पन्न केव्हा झाले, हे काही अंशी शेतकऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. सालगड्याचा करार गुढीपाडव्यापासून वर्षभरासाठी होतो. ऊसतोड मजुराला मुकादमाकडून उचल मिळते आणि पुढील कित्येक महिने तो ती फेडत असतो. शेती उत्पन्नावर आयकर नसल्याने विवरणपत्र नसते. सातबारा अनेकदा आजोबांच्या नावावर असतो आणि कसणारा पिता कागदावर भूमिहीन ठरतो.

सर्वोच्च न्यायालयास या वास्तवाची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. निकालासोबत शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी शपथपत्राचा स्वतंत्र नमुना जोडलेला आहे. त्यात एकूण जमीन किंवा तीतील हिस्सा, जमीन ओलिताची की कोरडवाहू, घेतलेली पिके, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, बटईने घेतलेली जमीन, जनावरे, दुग्धव्यवसाय आणि जमिनीवरील कर्ज यांची माहिती मागितली आहे. हिश्श्याची विचारणा केल्याने आजोबांच्या नावावरील सातबाऱ्याची ढाल बऱ्याच अंशी निरुपयोगी होते आणि तीन वर्षांचा हिशोब मागितल्याने एखाद्या वर्षाच्या दुष्काळाचा वा तेजीचा अवाजवी प्रभाव कमी होतो. हा नमुना या निकालाचे मोठे सामर्थ्य आहे. तथापि नोव्हेंबर २०२३ मध्ये एका अल्पवयीन मुलीच्या पोटगीच्या प्रकरणात ही शपथपत्रे घेतलीच गेली नव्हती असे आढळल्याने, सर्वोच्च न्यायालयास आपली तत्त्वे पुन्हा प्रसृत करण्याचे निर्देश द्यावे लागले. नमुना असणे व तो भरून घेतला जाणे यांत अंतर आहे.

चढउतार आणि बदल

नोकरदाराच्या बाबतीत बदल ही एक घटना असते. पदोन्नती, वेतन आयोग, निलंबन, निवृत्ती यांना दिनांक असतो आणि आदेश असतो. शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक वर्ष मागील वर्षापेक्षा वेगळे असते. अशा स्थितीत 'परिस्थितीतील बदल' हा निकष शब्दशः लावला तर दोनच शक्यता उरतात. एक तर दरवर्षी बदल झाला असे मानावे लागेल आणि न्यायालयात अर्जांची रीघ लागेल. किंवा शेतीत हे चालायचेच असे म्हणून कोणताच बदल मानला जाणार नाही. दोन्ही शक्यतांत नुकसान अपत्याचेच होते.

यातून मार्ग काढण्यासाठी चढउतार व बदल यांत फरक करावा लागेल. एका हंगामात सोयाबीन अतिवृष्टीने गेले किंवा हळदीचा भाव पडला, तर तो चढउतार होय. तीन वर्षांच्या सरासरीत तो सामावला पाहिजे. विहिरीला पाणी लागून कोरडवाहू जमीन ओलिताखाली आली, वाटणी होऊन हिस्सा वेगळा झाला, जमीन विकली गेली, पिता गाव सोडून पुण्यात कामाला लागला किंवा अपघाताने काम करण्यास असमर्थ झाला, तर तो बदल होय. त्याचा पुरावाही उपलब्ध असतो. सातबाऱ्यावरील पिकांची नोंद, २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी, फेरफार नोंदी, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचे कर्जखाते हे सर्व दस्तऐवज पित्याच्या ताब्यात किंवा आवाक्यात असतात. विशेष माहितीतील वस्तुस्थिती ज्याची त्यानेच सिद्ध करावी, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व असून ते आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १०९ मध्ये आहे. फेरफाराच्या अर्जात हे तत्त्व कटाक्षाने लावले गेले, तर माहेरी राहणाऱ्या मातेवर पडणारा पुराव्याचा भार हलका होईल.

याची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. खरोखर संकटात सापडलेला पिता बहुधा रक्कम कमी करण्याचा अर्ज करीत नाही. तो भरणा थांबवितो. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. दुसरीकडे, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज न केल्यास या तरतुदीखाली तिच्यासाठी वॉरंट निघू शकत नाही. म्हणजे एकीकडे अज्ञानाने पिता तुरुंगात जातो आणि दुसरीकडे विलंबाने मूल आपली रक्कम गमावते. फेरफाराची तरतूद वेळीच न वापरल्याचा फटका दोघांनाही बसतो.

दोन्ही पालकांच्या उत्पन्नाचा प्रश्न

माता अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली किंवा खुरपणी-वेचणीच्या मजुरीवर जाऊ लागली, की पोटगी कमी करण्याची मागणी पुढे येऊ शकते. या बाबतीत पद्मजा शर्मा प्रकरणातील २००० चा निकाल अधिक शास्त्रशुद्ध वाटतो. तेथे सर्वोच्च न्यायालयाने प्रथम प्रत्येक अपत्याची गरज दरमहा ३,००० रुपये अशी निश्चित केली आणि नंतर ती पिता व माता यांच्यात २:१ या प्रमाणात विभागली. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी अपत्याची गरज, मग पालकांचे प्रमाण. या क्रमाने विचार केल्यास मातेच्या नव्या मजुरीमुळे अपत्याचा एकूण वाटा घटत नाही. बदलते ते केवळ प्रमाण. 'रजनेश' निकालही पुरेसे कमावणाऱ्या मातेच्या बाबतीत प्रमाणशीर विभागणी मान्य करतो. परंतु मुलाला सांभाळण्यासाठी माता जे श्रम करते व त्यापायी जी मजुरी बुडविते, त्यांचे मोल या प्रमाणात कसे धरावे याचे उत्तर दोन्ही निकालांत मिळत नाही.

अन्य देशांतील व्यवस्था

ब्रिटनमध्ये शासकीय यंत्रणा करखात्याकडील उत्पन्नाच्या आधारे दरवर्षी रकमेचा आढावा घेते आणि मधल्या काळात उत्पन्नात किमान २५ टक्के फरक पडल्यासच फेरविचार करते. अमेरिकेत राज्यांना किमान दर तीन वर्षांनी, मागणी झाल्यास, आढाव्याची सोय ठेवावी लागते. साचलेली थकबाकी मात्र मागाहून माफ करता येत नाही. या व्यवस्था वेतनाच्या नोंदींवर उभ्या असल्याने त्या जशाच्या तशा हिंगोलीत आणणे शक्य नाही. परंतु आढावा ठरलेल्या वेळी व्हावा आणि किरकोळ फरकासाठी न्यायालय गाठावे लागू नये, ही त्यांमागील दोन तत्त्वे घेण्याजोगी आहेत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल उत्पन्न उघड करण्याच्या बाबतीत मोलाचा आहे. फेरफाराच्या बाबतीत मात्र तो अपुरा आहे. पालकांच्या उत्पन्नातील बदल अनिश्चित असतो व तो सिद्ध करावा लागतो. अपत्याचे वाढणे मात्र निश्चित असते. पहिलीतील मूल दहा वर्षांनी अकरावीत जाणार, त्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहावे लागणार, यासाठी कोणत्याही साक्षीपुराव्याची गरज नाही. म्हणून मूळ आदेशातच प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक अशा शैक्षणिक टप्प्यांनुसार वाढीव रकमा नमूद करणे आणि ठराविक वर्षांनी, हळदीचा हंगाम संपल्यावर, दोन्ही पक्षांनी संक्षिप्त शपथपत्र दाखल करण्याची तारीख देणे, हे दोन उपाय प्रचलित कायद्याच्या चौकटीतच शक्य वाटतात. नागपूरच्या न्यायालयाने २०१५ मध्ये दोन टप्पे ठरवून हा मार्ग दाखविलाच होता. पुढचे टप्पे त्याच आदेशात असते, तर साडेसात वर्षांच्या मुलाची गरज अडीच वर्षांच्या मुलाच्या मापाने का मोजली जात आहे, हा प्रश्न दिल्लीपर्यंत न्यावा लागला नसता. सेनगाव किंवा कळमनुरीच्या खेड्यातील मातेला तर छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठही दूरच आहे. तिच्या बाबतीत पहिला आदेश हाच बहुधा शेवटचा ठरण्याचा संभव असतो. त्यामुळे त्या पहिल्या आदेशातच मुलाच्या पुढील वर्षांचा विचार होणे अगत्याचे आहे.