तालयंत्र आणि अंधाराचे स्तोत्र

ख्रिस्तविरोधी गीतांमुळे कुप्रसिद्ध असलेल्या 'ब्लॅक मेटल' संगीतात नॉर्वेच्या 'मिस्टिकम' या तिघांच्या चमूची 'इन द स्ट्रीम्स ऑफ इन्फर्नो' (१९९६) ही ध्वनिमुद्रिका प्रभावी ठरली. तीत तालवादक नाही. तालयंत्रच घाव घालते. श्वासाला उसंत नसलेला नरक त्यातून खरोखर जाणवतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु यंत्रनाद म्हणजे नरक नव्हे. बेळगावच्या वडगावात यंत्रमागांचा खडखडाट विणकरांना भाकरी देतो. अंधार हाही दोष नव्हे. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, मात्र देवाला हाक मारीत. या मुद्रिकेत ती हाक नाही. ती ऐकणाऱ्या तरुणाला धर्मशिक्षकांनी नुसते दटावू नये. त्याच्याबरोबर हे स्तोत्र वाचावे.