अप्पांची सूट, जंगची वाट

टोरॉन्टोतलं ‘किम्स कन्व्हिनियन्स’ हे दुकान निघालं की फॅन्सचा पहिला आरोप अप्पांवर. (कोरियनमध्ये अप्पा म्हणजे बाबा, आपल्याला हाक परकी वाटतच नाही.) एवढे पूर्वग्रह असलेला माणूस पहिल्याच एपिसोडमध्ये गे गिऱ्हाइकांना १५ टक्के सूट कशी देईल? मला तर तेच खरं वाटतं. होमोफोबियाचा ठपका टाळायला अप्पा सूट देतात आणि कोण खरा गे, हेही स्वतःच ठरवतात! असे काका आपल्या प्रत्येक गणेशोत्सवात भेटतात.

जंगचं मात्र खटकतं. २०१६ ते २०२१, पाच सीझन, आणि हा अजून हँडी कार रेंटलभोवतीच. इन्स चोईच्या मूळ नाटकाने बाप-लेकाची गाठ एका प्रयोगात घालून दिली होती. जंग साकारणारा सिमू लिऊ २०२१ मध्ये जाहीरपणे म्हणाला, पात्रं वाढतच नव्हती. उम्मा झालेल्या जीन यूननेही रायटर्स रूममध्ये कोरियन माणसं कमी असल्याचं बोलून दाखवलं. म्हणजे घोळ जंगचा नाही, त्याला लिहिणाऱ्यांचा. सहावा सीझन मंजूर असूनही मालिका बंद झाली. स्पिन-ऑफ मिळाला तो शॅननला, हँडीतल्या गोऱ्या मॅनेजरला.