सी फॉर काय?

कथा-कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिणारे पुष्कळ आहेत. शब्दकोशाचं परीक्षण कोणी लिहीत नाही, कारण त्यासाठी तो वाचावा लागतो. मी वाचला. सगळा नव्हे, फक्त ‘सी’. बँकेतल्या माणसाला तेवढा पुरतो. कॅश, कॅशियर, चेक, क्रेडिट, करंट, कॅन्सल आणि शेवटी क्लार्क. आमचा अख्खा संसार या एका अक्षरात आहे.

कोश साधाच, नांदेडच्या घराघरांत असतो तसला. शब्द, कंसात देवनागरी उच्चार, पुढे अर्थ. कंसातला उच्चार ही त्याची खरी पुण्याई, कारण या ‘सी’ला स्वतःचा आवाजच नाही. पुढे ई, आय किंवा वाय आला की तो ‘स’ होतो, एरवी ‘क’. सायकलीला चाकं दोन तसे सीसुद्धा दोन. पुढचा ‘स’, मागचा ‘क’. सर्कशीतही तेच. सी-एच एकत्र आले की शब्दाचं घराणं पाहावं लागतं. अस्सल इंग्रजी असेल तर ‘च’ (चाइल्ड), फ्रेंच असेल तर ‘श’ (शेफ), ग्रीक असेल तर ‘क’. कॉलरा ग्रीक आणि त्यावर औषध देणारा केमिस्टही ग्रीक वळणाचा. पोरानं स्पेलिंग पाठ करायचं की सोयरीक जुळवायची?

नांदेड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत, आणि कलेक्टरला म्हणायचे अव्वल तालुकदार. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत त्या काळात शिकलेले एक वकीलसाहेब होते. ते म्हणायचे, “आमच्या उर्दूत क दोन आहेत, पण आवाज वेगळे. तुमच्या इंग्रजीत सी, के, क्यू असे तीन नोकर एकाच कामावर! पगार कोण देतं?” आपलीही बाजू फार भक्कम नाही म्हणा. ‘चहाचा चमचा’ यात च दोन जातीचे आहेत, लिहिताना मात्र एकच. कोशात ‘चॉक’ छापलंय. त्याला चहातला च लावायचा की चौकातला, हे कोश सांगत नाही.

अर्थांच्या बाबतीत हा कोश उदार आहे, आणि तिथंच घोळ होतो. ‘क्रेडिट’पुढे श्रेय, पत, उधारी, जमा असे चार अर्थ ओळीनं बसवलेत. परवा काउंटरवर एक शेतकरी मोबाईल पुढे करून म्हणाले, “साहेब, पैसे क्रेडिट झाले म्हणतंय. दुकानात क्रेडिट म्हंजी उधारी. मी तर काई उचललं न्हाई!” कोशाप्रमाणे त्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘करंट’चंही तसंच. विजेच्या भीतीनं ते खातं कोणी नाकारू नये म्हणून आम्ही ‘चालू खातं’ म्हणतो, आणि मग खातेदारच चालू वाटायला लागतो.

इथपर्यंत गंमत. माझी भाची नांदेडहून लातूरला क्लाससाठी गेली. लातूर पॅटर्नचा दरारा तुम्हाला ठाऊक आहेच. पोरं तिथं मार्कांसाठी घरदार सोडून राहतात. क्लासमध्ये एकदा तिनं एक वाक्य मोठ्यानं वाचलं. त्यात ‘केऑस’ होता. तिनं वाचलं ‘चाओस’. वर्ग हसला. वर्गाचं सोडा, सरही हसले. अर्थ तिला बरोबर येत होता – गोंधळ, अनागोंदी. पण परीक्षेत गोल काळे करायचे असतात, तोंड उघडायचं नसतं. तेव्हा उच्चार शिकवायचा कोणी? त्या दिवसापासून तिला शंका आली की ती चिठ्ठीवर लिहून सरांकडे पाठवते. सहा महिने झाले.

कोशावर माझा मुख्य आक्षेप इथं आहे. ‘चिट’ या शब्दापुढे त्यानं मुकाट्यानं ‘चिठ्ठी’ असा अर्थ दिलाय, जणू विलायतेहून आलेला माल. अहो, तो शब्दच आपल्या चिठ्ठीवरून गेलेला! ‘कॉट’ म्हणजे आपली खाट. ‘काउरी’ म्हणजे कवडी. ‘चिंट्झ’ हे छिटाचं कापड, ‘कॅलिको’ कालिकतचं. तमिळ कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं, त्यांचं साहेबानं ‘कॅटमरान’ केलं. आम्ही रोज वटवतो तो ‘चेक’सुद्धा मुळात बुद्धिबळातला फारसी शाह, आपल्या ‘शह’चा सख्खा भाऊ. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला. त्यातल्या कँडीसाहेबांच्या आडनावासारखा दिसणारा गोड ‘कँडी’ही संस्कृत ‘खंड’ शब्दापासून, फारसी-अरबीच्या वाटेनं तिकडे पोचला. एवढ्या शब्दांची तोंडं साहेबानं वाकडी केली, त्याला कोणी वर्गात हसलं नाही. उलट त्याचा उच्चार हाच उच्चार ठरला आणि कंसात जाऊन बसला.

पुढच्या आवृत्तीत कंसाशेजारी आणखी एक कंस द्यावा, एवढीच प्रकाशकांना सूचना: शब्द कोणाच्या घरून गेला. पानं थोडी वाढतील, वाढू द्या. शेवटी ते प्राण्यांचं रंगीत चित्रपान दिलंय, ते काढलं तरी चालेल.

‘चिट’चं पान मोबाईलनं टिपून भाचीला पाठवलं, शेजारी पेन्सिलीनं चिठ्ठीची हकिगत लिहून. रात्री उशिरा तिचा निरोप आला, “मामा, छान आहे. पण सरांना दाखवायचं तर वाचून कोण दाखवणार?”